बसका गट

शाळेत तिला सगळे शिट्टीबाई म्हणत. मुली पाठीमागे म्हणत, शिपाई तोंडावर म्हणे, आणि खरं नाव सहीपुरतं उरलं होतं. गळ्यात काळ्या दोरीला पितळी शिट्टी, डोक्यावर उन्हाने विटलेली टोपी, पायात कॅनव्हासचे बूट. आवाज असा, की तिने मैदानाच्या या टोकाला ‘डावीकडे’ म्हटलं तर त्या टोकाच्या भिंतीवरचे कावळेसुद्धा सरकून बसायचे. अशा आवाजाच्या बाईचं शिक्षकांच्या खोलीत मात्र कुणी ऐकत नसे. तिथे तिची खुर्ची दाराशी होती. खेळाच्या बाईंना मधूनच बाहेर पळावं लागतं, तेव्हा दाराशी बरी, असं कुणीतरी केव्हातरी ठरवलं होतं आणि तेच पुढे चालू राहिलं.

त्या शाळेत तास उसना घ्यायची पद्धत होती. भूगोलाचा तास कुणी उसना मागत नसे, भाषेचा तर नाहीच नाही. मागायचा तो खेळाचा. परीक्षा तोंडावर आली, धडा मागे पडला, वह्या तपासायच्या राहिल्या, काहीही असो, मधल्या सुट्टीत कुणीतरी हसत हसत यायचं, “बाई, आज तुमचा तास देता का?” शेजारीण वाटीभर साखर मागते त्या सुरात. फरक इतकाच, की साखर कधीतरी परत येते. सगळ्यांत जास्त तास नेले ते गणिताच्या बाईंनी. बाई वाईट नव्हत्या. दर वेळी तोंड भरून आभार मानायच्या. “तुम्ही आहात म्हणून माझा अभ्यासक्रम पुरा होतो हो,” असं म्हणायच्या, आणि त्यात टोमणा नसायचा हेच शिट्टीबाईला जास्त झोंबायचं.

मग वर्गात मुली पेन चावत खिडकीतून मैदान बघायच्या, आणि शिट्टीबाई रिकाम्या मैदानात बसून चेंडूंत हवा भरायची. अशी तिची वीसेक वर्षं गेली. हवा भरून भरून ते चेंडू नव्यासारखे राहिले होते, कारण त्यांच्याशी खेळायला फारसं कुणी येतच नव्हतं.

एकदा शिक्षकांच्या बैठकीत मात्र ती उठलीच. म्हणाली, “साहेब, या सत्रात सातवीला खेळाचे निम्मे तासही मिळाले नाहीत. पोरी मैदानाला एक फेरी मारतात आणि धापा टाकतात. जिना चढून आल्या की बाकावर डोकं टेकतात. माझं म्हणणं एवढंच आहे, खेळाचा तास उसना देणं बंद करा.”

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. समोरच्याची बोळवण करायची असली की ते आधी चष्मा पुसत.

“बाई, तुमची तळमळ कळते मला. पण हे झालं तुमचं मत. मतं काय, शिपायालाही असतात. यावर काही अभ्यास आहे का? काही आकडे? गणिताच्या बाईंकडे निकालाचे आकडे आहेत. तुम्ही पुरावा आणा, मग बोलू.”

“शिट्टी फुंकून आकडे निघतात होय!” कोपऱ्यातून कुणीतरी पुटपुटलं. सगळे हसले. शिट्टीबाईही हसली, कारण चारचौघांत आपल्यावर विनोद झाला की हसायचं अशी सवय लागली होती तिला. घरी जाताना वाटभर तिला त्या विनोदापेक्षा स्वतःच्या हसण्याचाच राग येत राहिला.

तिच्या नवऱ्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. घराच्या पुढच्या खोलीतच. ती आली तेव्हा तो उलट्या केलेल्या सायकलीचं चाक फिरवून बघत होता.

“अहो, मी शिकायला जाणार आहे,” तिने दारातूनच जाहीर केलं.

“काय शिकायला? स्वयंपाक?”

“पदव्युत्तर. नोकरीत असलेल्या खेळशिक्षकांसाठी विद्यापीठाने अभ्यासक्रम काढलाय. शनिवार, रविवार आणि सगळ्या सुट्ट्या. दोन वर्षं.”

“या वयात? केस पिकले की तुझे.”

“पिकलेत. तुमच्यासारखे गळाले तर नाहीत ना?”

नवऱ्याने टकलावरून तेलकट हात फिरवला आणि चाक थांबवलं. “बरं. पण कशासाठी एवढी दगदग?”

“पुरावा आणायचाय मला,” ती म्हणाली.

विद्यापीठाच्या त्या वर्गाचा पहिला दिवस बघण्यासारखा होता. तीसेक खेळशिक्षक, सगळे चाळिशीच्या आगेमागे. कुणाचा गुडघा गेलेला, कुणाचा घसा कायमचा बसलेला, सगळ्यांच्या नाकांचे शेंडे उन्हाने काळवंडलेले. आयुष्यभर दुसऱ्यांना पळवणारी ही माणसं अरुंद बाकांत कशीबशी कोंबली गेली होती. प्राध्यापक आत आले तशी सगळी ताडकन उठली आणि कुणी न सांगता उंचीप्रमाणे रांगेत उभी राहिली. प्राध्यापक “बसा, बसा” म्हणून दमले. कुणी हलेना. शेवटी मागून एकजण “विश्राम!” असं ओरडला तेव्हा कुठे वर्ग खाली बसला.

तो ओरडणारा म्हणजे पोहण्याचे सर. त्यांच्या शाळेतला तलाव कोरडा पडून बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे पोहणं ते फळ्यावर शिकवत. शिट्टीबाईची आणि त्यांची लगेच गट्टी जमली.

अभ्यास मात्र गट्टी करणारा नव्हता. शरीररचना, मानसशास्त्र इथपर्यंत ठीक होतं. सांख्यिकीने तिच्या नाकी नऊ आणले. आठवडाभर मैदानात घसा फोडायचा, संध्याकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत ग्रीसच्या वासात सरासरी आणि विचलन काढत बसायचं. स्वयंपाक नवऱ्याने अंगावर घेतला आणि दोघांचंही वजन उतरलं. पण एक गोष्ट तिला पहिल्याच झटक्यात कळली. तिचे मार्गदर्शक सर, म्हणजे ज्यांच्या हाताखाली तिने प्रबंध लिहायचा होता ते, हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी सांगितलं, “संशोधक आधी असं धरून चालतो की कशाने काही फरक पडत नाही. याला म्हणायचं शून्य परिकल्पना. मग पुरावा गोळा करून ती खोडून काढायची. नाहीच खोडता आली, तर मान खाली घालून स्वीकारायची.”

“म्हणजे शून्य परिकल्पना आमच्या शाळेत खुर्चीवर बसते आणि चष्मा पुसते,” शिट्टीबाई म्हणाली.

मार्गदर्शक सर हसले. ते हसतात हे वर्गाला त्या दिवशी कळलं.

तिचा विषय ठरलेलाच होता. खेळाच्या नियमित तासांचा सातवीतल्या मुलींच्या दमावर काय परिणाम होतो. सातवीच्या दोन तुकड्या होत्या, अ आणि ब. एका तुकडीला सत्रभर सगळे तास न चुकता द्यायचे, तिने आखलेले व्यायाम करून घ्यायचे. हा प्रायोगिक गट. दुसऱ्या तुकडीला काहीच द्यायचं नाही. हा नियंत्रित गट. सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही गटांना ठरलेला वेळ पळवायचं, कोण किती अंतर गेलं ते मोजायचं आणि तुलना करायची.

“काहीच द्यायचं नाही म्हणजे?” तिने विचारलं.

“म्हणजे खेळाचा तास नाही. त्या वेळात त्यांनी वर्गात बसायचं.”

“सर, पण मी तर त्यासाठीच...”

“तुलनेला गट हवाच, बाई. नाहीतर फरक दाखवणार कशाशी? आणि तुम्हीच म्हणता ना, त्यांचे तास तसेही जातात?”

जातात, हे खरं होतं. पण आजवर ते तिच्या हातून हिसकावून जात होते. आता तिने आपल्या हाताने ते उचलून द्यायचे होते. चिठ्ठ्या टाकल्या, आणि नियंत्रित गटाची चिठ्ठी ब तुकडीच्या नावाने निघाली. तिने गणिताच्या बाईंना सांगितलं, “सातवी ब चे माझे सगळे तास या सत्रात तुमचे. अ चा मात्र एकही मागायचा नाही.” गणिताच्या बाईंचा विश्वासच बसेना. त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. शिट्टीबाईला त्या क्षणी शरम वाटली, पण तिने मनाशी म्हटलं, एका सत्रापुरतं आहे. या एका सत्राच्या जोरावर पुढच्या सगळ्या मुलींचे सगळे तास कायमचे सोडवून आणू. हा हिशेब तिला तेव्हा पक्का वाटला होता, आणि खरं सांगायचं तर कुणालाही वाटला असता.

पहिल्या चाचणीच्या आधी मार्गदर्शक सरांनी तिला एकच गोष्ट चार वेळा बजावली. “चाचणी घेणारा म्हणजे मैदानातला खांब. सुरुवातीची शिट्टी आणि शेवटची शिट्टी. मध्ये एक अक्षर नाही. शाब्बास नाही, चल नाही, मान हलवणं नाही. एका गटाला धीर दिलात आणि दुसऱ्याला नाही, की मोजमाप मातीत गेलं.”

खेळशिक्षकाला हे सांगणं म्हणजे आचाऱ्याला चव न घेता मीठ घाल म्हणून सांगणं. पण पहिल्या चाचणीत शिट्टीबाई खांब झाली. ओठ आत ओढून, हात पाठीमागे बांधून उभी राहिली. दोन्ही तुकड्या सारख्याच रडतखडत पळाल्या. ब तुकडीत एक मुलगी होती, अंगाने इतकी बारीक आणि रंगाने इतकी फिकट, की सगळा वर्ग तिला खडू म्हणायचा. खडूने तर अर्ध्यातच मैदानात फतकल मारली.

चाचणीनंतर तिने शिट्टीबाईच्या हातातल्या कागदावर मान उंचावून बघितलं.

“बाई, नियंत्रित गट म्हणजे काय?”

“म्हणजे... आहे तसा ठेवलेला गट.”

“म्हणजे आम्ही?”

“हो. या सत्रात तुम्हाला खेळ नाही. तुम्ही वर्गात बसायचं. अभ्यास आहे माझा.”

“का? आम्ही काय केलं?”

“काही नाही केलंत गं. चिठ्ठी निघाली तुमची.”

खडूने जरा विचार केला आणि मागे वळून मैत्रिणींना सांगितलं, “आपण बसका गट आहोत.” तेव्हापासून तेच नाव पडलं. सातवी अ म्हणजे पळता गट आणि सातवी ब म्हणजे बसका गट. सत्रभर पळता गट मैदानात उड्या मारायचा, दोऱ्या ओढायचा, फेऱ्या घालायचा, आणि खिडकीत बसक्या गटाच्या माना दिसायच्या. शिट्टीबाई जिन्यात भेटली की त्या पोरी विचारायच्या, “बाई, अजून किती दिवस बसायचं?” त्यांच्या विचारण्यात राग नसायचा, नुसती चौकशी असायची. ती म्हणायची, “थोडेच दिवस.” हळूहळू ती त्या जिन्याने जायची टाळू लागली. शाळेच्या मागच्या बाजूचा जिना लांबचा होता, पण तिथे कुणी विचारत नव्हतं.

प्रयोग मात्र झकास चालला होता. पळत्या गटाच्या पोरी डोळ्यांदेखत बदलल्या. गालांवर रंग चढला, पाठी ताठ झाल्या, जिना चढून आल्या तरी तोंडं बडबडतच असायची. शिट्टीबाईला आकडे काढायच्या आधीच निकाल दिसत होता. त्यात शाळेतही वारं फिरलं होतं. क्रीडा विभागप्रमुख वर्षअखेर निवृत्त होणार होते, आणि त्या जागेवर पदव्युत्तर माणूसच घ्यायचा असा नियम होता. विभागप्रमुखाला वेळापत्रकाच्या समितीत जागा असते. म्हणजे कुणाचा तास कुणी घ्यायचा हे जिथे ठरतं, तिथे. पदवी वेळेत मिळाली नाही तर बाहेरून कुणीतरी येणार होता. नवरा येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगू लागला, “आमच्याकडे आता माझ्यापेक्षा शिकलेलं माणूस आहे. पंक्चर मात्र मीच काढतो.”

शेवटच्या चाचणीचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवसापासून वार्षिक परीक्षा होती, त्यामुळे सगळं त्या एका सकाळी उरकायचं होतं.

आधी पळता गट. शिट्टीबाई खांब. पोरी छान पळाल्या, अगदी तिने शिकवल्यासारख्या, श्वास सांभाळून, खांदे सैल सोडून. शेवटी शेवटी दोघीतिघी रेंगाळल्या, तिच्याकडे बघू लागल्या. तिने नजर जमिनीवर ठेवली. जीभ दातांखाली धरली. शिट्टी झाली, अंतरं मोजून झाली.

मग बसका गट उतरला. सत्रभरानंतर मैदानात पाय ठेवत होत्या त्या. कोंडलेली वासरं सुटावीत तशा सुटल्या, पहिली फेरी नुसत्या आनंदात मारली आणि दुसऱ्या फेरीला त्यांचं सगळं अवसान गळालं. एकेक पोरगी कमरेवर हात धरून वाकू लागली. सगळ्यांत मागे खडू होती. तोंड उघडं, पाय एकमेकांत अडकतायत. शिट्टीबाईसमोरून जाताना तिने तोंड वर केलं आणि बघितलं. बसून बसून या पोरीची ही दशा झाली होती, आणि बसवणारी समोर हात बांधून उभी होती.

“चल गं!” शिट्टीबाई ओरडली.

आणि एकदा उघडलेलं तोंड मग मिटलंच नाही. “चल, चल! हात हलव! श्वास सोड, धरून नको ठेवू! शाब्बास! ए, तू, कमरेवरचा हात काढ! बघ समोर! चला पोरींनो, माझ्याबरोबर चला!” ती मैदानाच्या आतल्या बाजूने त्यांच्याबरोबर पळू लागली. टोपी उडाली, ती उचलायला थांबली नाही. सत्रभर खिडकीत दिसलेली एकेक मान तिला आता ओळखू येत होती आणि प्रत्येकीला ती नावाने हाक मारत होती. पोरी पळाल्या. दम नव्हता त्यांच्यात, पण पळाल्या. खडू दोनदा धडपडली, दोनदा उठली आणि शिट्टी होईपर्यंत थांबली नाही. मग सगळ्या गवतावर आडव्या पडल्या आणि धापा टाकत हसत सुटल्या. शिट्टीबाईही त्यांच्यात बसून हसली. इतकी ती कित्येक महिन्यांत हसली नव्हती.

मोजपट्टी गुंडाळताना तिचं लक्ष हातातल्या कागदाकडे गेलं. वर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, नियंत्रित गट, अंतिम चाचणी. आणि खांब तर मधूनच पळत सुटला होता.

पुन्हा चाचणी घ्यायला वेळ नव्हता. परीक्षा, आणि परीक्षेनंतर सुट्टी. तिने आकडे मांडले, तीन वेळा मांडले. पळता गट पुढे होता, पण इतका पुढे नव्हता, की त्याला शास्त्र फरक म्हणेल. जे सत्रभर कमावलं होतं ते तिने एका सकाळी ओरडून बुडवलं होतं.

ती मार्गदर्शक सरांच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

“सर, मी ओरडले.”

“कुठे?”

“मैदानात. ब तुकडीच्या वेळी. अ च्या वेळी नाही ओरडले.”

सरांनी खोलीचं दार लोटून घेतलं. “कुणी ऐकलं?”

“सगळ्या मुलींनी.”

“मुली काही प्रबंध तपासायला येत नाहीत,” सर म्हणाले. मग स्वतःच जरा ओशाळले. “हे बघा, खोटं लिहा असं मी म्हणणार नाही. तुम्ही हे प्रबंधात लिहिलंत, तर परीक्षक ती चाचणी धरणार नाहीत. नवा वर्ग, नवं सत्र, आणखी एक वर्ष. नाही लिहिलंत, तर आकडे आहेत तसे आहेत. फरक आढळला नाही हाही निष्कर्षच असतो. पदवी त्यावरही मिळते. तुम्ही ठरवा.”

आणखी एक वर्ष म्हणजे विभागप्रमुखाची जागा गेली, वेळापत्रकाची समिती गेली. आणि पुन्हा एक तुकडी बसवायची, पुन्हा तो मागचा जिना. तिने नवऱ्याला काही सांगितलं नाही. तो नवी पाटी रंगवायची भाषा करत होता. पोहण्याच्या सरांना मात्र सांगितलं.

“अहो बाई, प्रबंध वाचतं कोण?” ते म्हणाले. “माझ्या मार्गदर्शकांनी माझा वाचलेला नाही. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, शेवटचं प्रकरण मीही वाचलेलं नाही. पदवी घ्या, खुर्ची घ्या, आणि खुर्चीवर बसून तास सोडवा. कपाटातला कागद काय तुमचा हात धरायला येतोय?”

तिला हेच कुणाकडून तरी ऐकायचं होतं. म्हणून तर ती त्यांच्याकडे गेली होती. तिने शेवटच्या पानावर लिहिलं, ‘खेळाच्या नियमित तासांमुळे विद्यार्थिनींच्या क्षमतेत लक्षणीय फरक आढळून आला नाही. शून्य परिकल्पना स्वीकारण्यात येत आहे.’ ज्या वाक्याशी वीस वर्षं भांडली, ते स्वतःच्या हाताने लिहिलं आणि खाली सही केली. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. म्हणाले, खेळशिक्षिका असूनही स्वतःच्या विषयाच्या विरुद्ध जाणारा निष्कर्ष लपवला नाही, हे विशेष. तिने मान खाली घातली, आणि ती विनयाने घातली असंच सगळ्यांना वाटलं.

पदवी मिळाली. जागा मिळाली. शिक्षकांच्या खोलीतली खुर्ची दारापासून उठून टेबलाशी आली, आणि शिपाई तिला विभागप्रमुख बाई म्हणू लागला. घरी नवऱ्याने दुकानाच्या पाटीखाली तिच्या नावाची पाटी लावली, पदवीसकट. जेवताना तो म्हणाला, “आणलास की नाही शेवटी पुरावा!” ती भात कालवत राहिली.

नव्या वर्षाच्या वेळापत्रकाची बैठक भरली. शिट्टीबाई सगळं मनात घोळवून आली होती. कुठले तास कुठे, उसने देणं बंद, पाचवीपासून सुरुवात. मुख्याध्यापक आले ते हातात एक काळा जाड ग्रंथ घेऊन. तिने ओळखला. ज्या शाळेत संशोधन केलं तिला एक प्रत द्यायची असा नियम होता, आणि तिनेच ती ग्रंथालयात नेऊन दिली होती.

“मी हा वाचला,” मुख्याध्यापक म्हणाले. “निदान शेवटचं पान. बाई, तुम्हाला आठवतं? मी म्हटलं होतं, मत नको, पुरावा आणा. तुम्ही आणलात. आपल्याच शाळेत, आपल्याच मुलींवर, इतकी मेहनत घेऊन. आणि तोही स्वतःच्या विषयाची भीड न ठेवता.” त्यांनी ते पान मोठ्याने वाचून दाखवलं. सगळी खोली कान देऊन ऐकत होती. बावीस वर्षांत तिचा एखादा शब्द त्या खोलीत इतक्या शांतपणे कुणी ऐकला नव्हता. “तेव्हा आता आपल्याला अपराधी वाटायचं कारण नाही. आठवीपर्यंत आठवड्याला खेळाचा एक तास ठेवू, बाकीचे गणिताला आणि विज्ञानाला. उसनवारीची कटकटच नको. त्या तासांना देखरेख लागली तर विभागप्रमुख बाई आहेतच.”

“साहेब,” ती उठली. “त्या चाचणीत जरा...”

“जरा काय?”

सगळे तिच्याकडे बघत होते. गणिताच्या बाई प्रेमाने बघत होत्या. पुढचं वाक्य बोललं की पदवी जाते, पाटी जाते, खुर्ची पुन्हा दाराशी जाते, आणि बोलून तास परत येतील याचाही भरवसा नाही. तिने एवढा सगळा विचार केला. मैदानात ओरडताना एवढा केला नव्हता.

“काही नाही,” ती म्हणाली आणि खाली बसली.

त्यानंतर काही आठवड्यांची गोष्ट. गणिताच्या बाई आजारी पडल्या म्हणून देखरेखीला विभागप्रमुख बाई आठवी ब वर गेल्या. त्या तासाला पूर्वी खेळ असायचा. फळ्यावर उदाहरणं लिहून ठेवलेली होती. मुली माना खाली घालून सोडवत होत्या. खिडकीतून मैदान दिसत होतं आणि त्यावर कुणी नव्हतं. शिट्टी तिच्या पर्समध्ये होती. आजकाल ती गळ्यात बरी दिसत नाही असं तिला वाटायचं.

“बाई,” तिसऱ्या बाकावरून खडू उभी राहिली. “ती चाचणी परत कधी घेणार?”

“कुठली चाचणी?”

“ती नाही का, तुम्ही आमच्यासाठी ओरडत होतात ती. तुमची टोपी उडाली होती बघा.” आजूबाजूच्या पोरी खुदखुदल्या. “मी एवढी कधीच पळाले नव्हते, बाई. घरी सांगितलं तर आईला खरंच वाटेना. परत घ्या ना. तुम्ही ओरडलात तर मी अजून पळीन.”

“हो, बाई! घ्या ना!” मागून दुसरी म्हणाली. मग तिसरी. पेनं खाली पडली, बाकं सरकली, “चला ना बाई, एकदाच, ओरडा ना बाई,” असा गलका झाला, आणि चार-पाचजणी उठून दाराकडे निघाल्यासुद्धा.

“बसा!” शिट्टीबाई ओरडली. तोच आवाज, मैदानाच्या त्या टोकापर्यंत जाणारा. “गप्प बसा सगळ्या! उदाहरणं सोडवा!”

मुली तिचं ऐकत आल्या होत्या. त्या बसल्या.